फक्त सभासदांसाठी

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे, ते आईने पाडलेलं. लहानपणी ही एका जागी बसेल तर शपथ. ताटावरून उठून खिडकीत जायची, खिडकीतून परत ताटावर यायची, आणि जाता-येता एखादं भांडं पाडायची. हिच्या पायाला भिंगरी लागलीय, असं आई येईल त्याला सांगायची, आणि सांगता सांगता पायाची भिंगरी अख्ख्या मुलीलाच चिकटली. आई गेली, मुलीची चाळिशी उलटली, तरी ओळखीपाळखीतले सगळे तिला भिंगरीच म्हणत.

एका छापखान्यात संगणकावर मजकूर लावण्याचं काम ती वर्षानुवर्षं करत होती. ते काम तिला मानवलं होतं, कारण निदान तिथे बोटं तरी सतत चालू राहायची. छापखाना बंद पडला तेव्हा तिच्या हाताला काही उरलं नाही, आणि हात रिकामे राहिले की तिचं डोकं चालायला लागे. ते मात्र कुणालाच परवडणारं नव्हतं.

सगळ्यात कमी परवडायचं धाकट्याला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तोही आता चांगला बाप्या झाला होता, वेताच्या खुर्च्या विणायचा, आणि त्याच्या हातची विणलेली बैठक लोक मुद्दाम मागून घेत. पण त्याला शाळेत असल्यापासून आकडी यायची. गोळ्यांनी ती बरीच आटोक्यात आली, तरी मधूनच केव्हातरी धाडकन पाडायची. म्हणून त्यांच्या घरात न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती. भिंगरीनेच ती काढून टाकली होती. आत पडला आणि दार लावलेलं असलं तर काय करायचं? धाकटा आंघोळीला गेला की ती बाहेर फेऱ्या मारायची, आणि पाण्याचा आवाज थांबला की लगेच हाक मारायची. तो आतून हूं म्हणायचा. एवढ्या वर्षांत त्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती, आणि तक्रार नाही म्हणजे त्याला चालतंय असं भिंगरीने धरून टाकलं होतं.

औषधांच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली होती. तिथे फिट येणाऱ्या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची संघटना जमायची. ती चालवायच्या निवृत्त झालेल्या एक नर्सबाई. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. भिंगरी धाकट्याला घेऊन तिथे जायची, आणि छापखाना बंद पडल्यावर सिस्टरनी तिला सरळ कामालाच लावलं. सभा झाली की तिचं टिपण करायचं, माहितीची पत्रकं तयार करायची, आणि हे सगळं संघटनेच्या वेबसाइटवर चढवायचं. साइट एका सभासदाच्या ओळखीतल्या माणसाने करून दिली होती. तो साइटवाला नंतर दुसऱ्याच धंद्यात पडला, पण जाताना एक गोष्ट त्याने नीट समजावली होती. साइटवर सभासदांचं एक वेगळं पान आहे. नाव आणि पासवर्ड घातल्याशिवाय ते उघडत नाही. सभांची टिपणं तिथे ठेवायची. बाकीचं बाहेर.

भिंगरीने ते काम जीव ओतून केलं. इतरांची टिपणं म्हणजे अमुक बोलले, तमुक बोलले, आभार मानले, चहा झाला. भिंगरीची तशी नसत. माणूस जसा बोलला तसं ती लिहायची. कोण बोलताना रडला, कोण हसला, कुणी कुठल्या शब्दाशी अडखळलं. सिस्टर म्हणायच्या, सभेला आलं नाही तरी चालेल, हिचं टिपण वाचलं की पुरे. आपल्याला असं लिहिता येतं हे भिंगरीला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिला ते फार आवडलं.

शाळाशाळांत लावायचं पत्रकही तिनेच केलं. फिट आली तर काय करावं, काय करू नये. कुशीवर वळवा, दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. मजकूर सिस्टरचा, मांडणी हिची. भिंतीवर लावायला एक छोटी चौकट छापली होती. तिच्यावर फिट आली तर हे टिपा असं सांगणाऱ्या दोन ओळी, खाली भिंगरीचा नंबर, आणि मोबाइलने टिपायचा काळा-पांढरा कोड. तो टिपला की साइटवरचं अख्खं पत्रक चित्रांसकट समोर. आसपासच्या कितीतरी शाळांत ती चौकट लागली होती, आणि कुठे दिसली की भिंगरी थांबून ती सरळ आहे ना ते बघायची.

एके दुपारी खोलीत ती एकटीच असताना पाळणाघरवाली आली. ही संघटनेतली एक तरुण मुलगी. एका पाळणाघरात लहान मुलं सांभाळायची. तिला फिट येऊन कैक वर्षं झाली होती, गोळ्या वेळच्या वेळी, डॉक्टरांची चिठ्ठीही होती की काम करायला काही हरकत नाही. सभेत ती क्वचितच बोलायची. मागे एकदाच मनापासून बोलली होती. ती आत आली, बसली नाही, आणि फोन भिंगरीच्या पुढे धरला.

फोनवर भिंगरीचंच टिपण होतं. पाळणाघरवालीचं नाव, आडनाव, आणि त्या दिवशी ती जे बोलली होती ते सगळं. पहिली फिट कॉलेजच्या जिन्यात कशी आली, शुद्धीवर आल्यावर कपडे ओले झालेले होते, मैत्रिणी कशा लांब सरकल्या. आता मुलांना कडेवर घेताना कधीकधी आपलेच हात आपल्याला परके वाटतात, असंही ती बोलून गेली होती. ते वाक्य भिंगरीला इतकं आवडलं होतं की तिने ते टिपणाच्या शेवटी घेतलं होतं.

पाळणाघरात एक नवीन बाळ येणार होतं. त्याच्या आईने सगळ्या सेविकांची नावं इंटरनेटवर शोधून बघितली, आणि हे पहिल्याच झटक्यात वर आलं. तिने ते बाकीच्या आयांना पाठवलं. मालकीणबाई वाईट नव्हत्या, पण घाबरल्या. काही दिवस तू घरीच थांब, म्हणाल्या. काही दिवस म्हणजे किती हे त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही.

भिंगरी म्हणत राहिली की हे कसं शक्य आहे, हे पान बंद आहे, पासवर्डशिवाय उघडतच नाही. पाळणाघरवालीने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही फार छान लिहिलंय हो," ती म्हणाली. "कुणीही वाचलं की डोळ्यांसमोर उभं राहतं. म्हणूनच तर त्या घाबरल्या."

एवढंच बोलून ती गेली. आदळआपट नाही, रडणं नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर भिंगरीला जरा बरं वाटलं असतं.

साइटवाल्याने तिचा फोन बऱ्याच वेळाने उचलला. त्याच्या मागे कसलीतरी यंत्रं धडधडत होती. भिंगरीने घडलेलं सांगितलं तेव्हा तो म्हणाला की कुलूप पानाला होतं, फाइलींना नव्हतं. तिला कळेना. त्याने सोपं करून सांगितलं. सभासदांचं पान ही एक खोली आहे, तिच्या दाराला कुलूप आहे हे खरं. पण टिपणाच्या फाइली त्या खोलीत नसतातच. त्या मागच्या अंगणात एका फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, पानावर नुसती तिकडे जायची वाट असते. ज्याला वाट ठाऊक त्याला दारातून यायची गरज नाही. आणि इंटरनेटवर शोधाशोध करणारी यंत्रं रात्रंदिवस असल्या वाटाच हुडकत हिंडत असतात.

"मग हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?" भिंगरीने विचारलं.

तेव्हा त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. तो ओशाळला, आणि फोनवरूनच तिला करायचं काय ते एकेक सांगत गेला. अमुक ठिकाणी जा, अमुक खूण कर, म्हणजे त्या फोल्डरमधलं काहीही मागितलं तरी साइट आधी विचारेल, तू कोण. लॉगिन केलेला सभासद असेल तरच फाइल द्यायची, नाहीतर दारात थांबवायचं. सगळ्या फाइलींना लावायचं की निवडक, असं त्याने विचारलं. भिंगरीच्या डोळ्यांसमोर पाळणाघरवाली उभी होती. ती म्हणाली, सगळ्या.

त्या दिवसापासून तिला चैन म्हणून पडेना. कुलूप लागलं की नाही हे बघायला ती औषधांच्या दुकानातल्या संगणकावर गेली, तिथून शेजारणीच्या मुलीकडे, तिथून ग्रंथालयात. जिथे जाईल तिथे पाळणाघरवालीचं नाव टाकायचं. फाइल आता उघडत नव्हती. सभासदांनी लॉगिन करावे, अशी पाटी यायची. पण शोधलेल्या यादीत त्या टिपणाच्या पहिल्या दोन ओळी अजून दिसतच होत्या. यंत्राने त्या आपल्याकडे उतरवून ठेवल्या होत्या. त्या काढून टाका असा अर्ज करता येतो, तो तिने केला, आणि दर थोड्या वेळाने जाऊन बघायची. ओळी तिथेच. जेवताना उठून बघायची, भाजी घेताना पिशवी खाली ठेवून बघायची. डोक्यात नुसता भुंगा शिरला होता. कोण कोण वाचत असेल आत्ता? त्या नवीन बाळाच्या आईने अजून कुणाला पाठवलं असेल? आणि एकटी पाळणाघरवालीच थोडी होती. सगळ्या सभांमधले सगळे जण त्या अंगणात पडून होते.

वरून सभासदांचे फोन सुरू झाले. पासवर्ड आठवत नाही, पासवर्ड म्हणजे कुठला, मी तर कधी घेतलाच नव्हता. भिंगरी प्रत्येकाला धीराने सांगायची, आणि फोन ठेवला की पुन्हा फेऱ्या. सिस्टरनी विचारलं, सगळं बंद झालं ना नीट? झालं, ती म्हणाली. आता मुंगीसुद्धा आत शिरणार नाही.

धाकटा खुर्ची विणता विणता हे सगळं बघत होता. एकदा म्हणाला, जरा बस गं ताई. ती बसली, आणि दोन मिनिटांत उठली.

मग एके सकाळी एका शाळेतून फोन आला. चित्रकला शिकवणारे सर बोलत होते. संघटनेशी त्यांचा काही संबंध नव्हता. वर्गातल्या चौकटीवर खाली जो नंबर छापला होता तो बघून त्यांनी लावला होता. आदल्या दिवशी त्यांच्या तासाला एका मुलीला फिट आली. यापूर्वी तिला कधी आली नव्हती, निदान शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. सर घाबरले, पण वर्गाच्या भिंतीवर चौकट आहे हे त्यांना आठवलं. त्यांनी फोनने कोड टिपला. फोनवर आलं, सभासदांनी लॉगिन करावे.

भिंगरी उभीच होती. तिने भिंतीला हात लावला.

मुलगी आता कशी आहे, हे तिने विचारलं. बरी आहे, सर म्हणाले. पण त्यांनी लहानपणापासून जे ऐकलं होतं ते केलं. जीभ चावली जाऊ नये म्हणून ब्रशचा लाकडी दांडा तिच्या दातांमध्ये घातला. समोरचा एक दात तुटला. सर ते अगदी सपाट आवाजात सांगत होते, जसं काही हजेरी घेताहेत.

भिंगरी तडक शाळेत गेली. वाटेत तिने स्वतःच्या फोनवर तेच पत्रक उघडून बघितलं, आणि ते लख्ख उघडलं. तिच्या जिवात जीव आला. सरांचं नेट गेलं असेल, कोड नीट टिपला गेला नसेल. ती जवळजवळ धावतच वर्गाशी पोचली. सर वर्गाबाहेर उभे होते. आत भिंतीवर चौकट होती, सरळ लावलेली, कडा कुठे उचललेल्या नाहीत. भिंगरीने त्यांना आपला फोन दाखवला. माझ्याकडे उघडतंय, म्हणाली. सरांनी स्वतःचा फोन काढला, कोड टिपला आणि तिच्या हातात दिला.

सभासदांनी लॉगिन करावे. खाली दोन रिकाम्या चौकटी. एक नावाची, एक पासवर्डची.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती स्वतः कायम लॉगिन केलेलीच असायची. तिच्या फोनला ती कोण हे माहीत होतं, म्हणून कुठलंच दार तिला अडवत नव्हतं. ग्रंथालयात आणि दुकानात जाऊन तिने पन्नासदा बघितलं ते फक्त टिपणं बंद झाली का एवढंच. पत्रक उघडतंय का हे बघायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सगळ्या फाइली, असं ती म्हणाली होती, आणि पत्रकही त्याच फोल्डरमध्ये होतं.

"मी तिथे काय भरणार होतो?" सरांनी विचारलं. "पोरगी खाली पडली होती."

चूक माझी आहे, भिंगरी म्हणाली. तुम्ही योग्य ठिकाणी बघितलंत, मीच बंद केलं होतं. सरांनी मान हलवली. त्यांचा राग निम्मा तिच्यावर आणि निम्मा स्वतःवर होता, आणि आता तिने आपला वाटा उचलल्यावर उरलेल्याचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. मुलीच्या आईला भेटायला ती गेली, पण आई दवाखान्यात होती. शेजारच्यांकडे निरोप ठेवून ती परतली.

घरी येऊन तिने साइट उघडली आणि तिरमिरीत ती खूण पुसायला निघाली. सगळंच उघडं करून टाकावं. मग पाळणाघरवाली आठवली, आणि बोट तिथेच थबकलं. बंद ठेवावं तर पोरांचे दात तुटतात, उघडं टाकावं तर माणसांची कामं जातात. ती उठली, न्हाणीघरापर्यंत गेली. आत पाण्याचा आवाज थांबला होता. सवयीने तिने हाक मारली.

आतून हूं आलं नाही. ती दार ढकलणार एवढ्यात धाकटा स्वतःच बाहेर आला, केस पुसत.

"मी मुद्दाम नाही बोललो," तो म्हणाला. "बघत होतो, तू किती वेळ थांबतेस."

भिंगरी भडकली. आज आपल्यावर काय प्रसंग आलाय आणि याला चेष्टा सुचतेय. तिने दिवसभराचं सगळं सांगितलं, दात, दांडा, त्या दोन रिकाम्या चौकटी. धाकट्याने ऐकून घेतलं, आणि अर्धवट विणलेली बैठक मांडीवर ओढली.

"ताई, तुला एक तर सगळं उघडं लागतं, नाहीतर सगळं बंद. ज्याचं आहे त्याला विचारायचं असतं, हे तुला सुचतच नाही."

"मी काय वाईटासाठी करते का?"

"नाही गं. पण माझ्याबद्दल लिहिलंस तेव्हाही कुठे विचारलंस."

ते टिपण सगळ्यात पहिलं होतं. धाकटा शाळेच्या मैदानात पडला तो दिवस, आईची धावपळ, आणि त्यानंतर त्याच्याशी खेळायला कुणी आलं नाही ती सुट्टी. सिस्टर ते नव्या सभासदांना वाचायला द्यायच्या. धाकट्याने ते वाचलंय हेच भिंगरीला ठाऊक नव्हतं. वाचलं होतं, तो म्हणाला, बऱ्याचदा. चांगलं लिहिलं होतं. खुर्ची न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानेही वाचलं होतं, आणि त्यानंतर तो धाकट्याशी जरा मोठ्याने, सावकाश बोलायला लागला होता, जसं बहिऱ्याशी बोलतात तसं.

भिंगरी खाली बसली. या खेपेला ती बराच वेळ उठली नाही.

पत्रक तिने त्याच संध्याकाळी बाहेर काढलं. साइटवाल्याला विचारून एक वेगळा फोल्डर केला, उघडा, आणि त्यात ते ठेवलं. जुन्या कोडने ते तिथेच उघडावं याचीही सोय त्याने सांगितली. तिने लॉगिन पुसून स्वतःच्या फोनवर बघितलं, मग चित्रकलेच्या सरांना फोन करून त्यांना टिपायला सांगितलं. उघडलं, ते म्हणाले. तेवढंच म्हणाले.

खरं काम उरलं होतं ते बाकीच्या फाइलींचं. सिस्टर आणि ती औषधांच्या दुकानावरच्या खोलीत बसल्या आणि एकेक उघडून बघायला लागल्या. औषध चुकलं तर काय, प्रवासात काय काळजी घ्यावी, शाळेला काय सांगावं. हे सगळं बाहेर. आणि टिपणं? सिस्टरचं म्हणणं पडलं की सरसकट कुलपात ठेवू, झालं. भिंगरी म्हणाली, नाही, ज्याचं त्याला विचारू. मग फोन सुरू झाले. एक म्हातारे सभासद म्हणाले की माझं बाहेर लावा, चौकात लावलंत तरी चालेल, मला आता कोण काय करणार आहे. एक बाई इतकंच म्हणाल्या की माझ्या सुनेला कळता कामा नये. काहींनी काढून टाकायला सांगितलं. काहींना आपण असं बोललो होतो हेच आठवत नव्हतं. त्यांना भिंगरी फोनवर वाचून दाखवायची.

पाळणाघरवालीला फोन करायचं धाडस तिला होईना. ती स्वतःच आली, आपलं नाव पुसलं का ते बघायला. सर्चमधल्या त्या दोन ओळी एव्हाना गेल्या होत्या. भिंगरीने तिला तिच्याच फोनवर शोधून बघायला लावलं. काही आलं नाही. मग भिंगरीने माफी मागितली, आणि ते टिपण आत्ता तुझ्यासमोर पुसते म्हणाली. मुलीने खुर्ची ओढली, संगणकाच्या पडद्यावर ते टिपण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. भिंगरी मागे उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

"नाव काढा," मुलगी म्हणाली. "बाकीचं आत असू दे. नव्या आलेल्या पोरींनी वाचावं. फक्त पोरींनी, त्यांच्या मालकीणबाईंनी नको."

हातांबद्दलचं ते शेवटचं वाक्य मात्र तिने काढायला लावलं. मी तसं म्हटलं होतं, पण ते तेवढ्यापुरतं होतं, म्हणाली. भिंगरीला ते वाक्य जाताना बघवेना, पण तिने ते पुसलं.

धाकट्याला तिने घरी विचारलं. रीतसर, समोर बसून. तिला आतून खात्री होती की तो राहू दे म्हणेल. सगळ्यात चांगलं तेच उतरलं होतं, आणि शेवटी ते बहिणीने लिहिलेलं होतं. त्याने वेताची पट्टी पाण्यातून काढली, ताणून बघितली.

"माझं काढून टाक," तो म्हणाला. "मला सांगावंसं वाटेल तेव्हा मी सांगेन."

तिने काढलं. काढताना तिचे डोळे भरून आले, आणि ते कुणासाठी हे तिचं तिलाही नीट कळलं नाही. पुढच्या आठवड्यात धाकट्याने बाजारातून एक कडी आणली. बाहेरून नाण्याने फिरवली तरी उघडते अशी मिळते, ती. भिंगरीने ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, आणि पेचकस आणून दिला.

पाळणाघरवाली जुन्या जागी परत गेली नाही. मालकीणबाईंनी बोलावलं होतं, पण तिचं मन उडालं. एका मोठ्या कारखान्यातल्या पाळणाघरात तिने मुलाखत दिली, आणि या वेळी स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे ठेवून. घेतील की नाही याची तिला खात्री नव्हती, आणि भिंगरीला तर त्या दिवसांत अन्न गोड लागलं नाही. त्यांनी घेतलं. मुलांना आंघोळ घालायचं काम सोडून बाकी सगळं ती करते.

शाळेतल्या त्या मुलीला औषध सुरू झालं. तुटलेल्या दातावर टोपी बसली. तिची आई, एका शिवणकारखान्यात कापड कापणारी, एक दिवस सभेला आली. भिंगरी तिला ओळखत नव्हती. ओळख सिस्टरनी करून दिली. आईने तिच्याकडे बघितलं, पण दाताचा विषय काढला नाही. शेवटच्या रांगेत बसली. सगळ्यांचं बोलून झालं, तेव्हा सिस्टरनी तिला विचारलं की काही सांगायचंय का. ती उभी राहिली, आणि बोलायच्या आधी तिने खोलीकडे एकवार बघून घेतलं.

"मी इथे बोलले ते कुठे जातं?"

सिस्टरनी भिंगरीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. भिंगरीला उठून खिडकीपाशी जावंसं वाटलं, पण ती बसल्या जागी राहिली. आधी ते कुठे कुठे गेलं होतं हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं, काही न झाकता. आता टिपणांच्या फाइली लॉगिन केल्याशिवाय उघडत नाहीत, हेही सांगितलं. पण आतले सभासद वाचतात, आणि वाचलेलं माणूस कुणाला सांगेल याला कुलूप नाही, तेवढी खात्री मी देऊ शकत नाही.

आईने ते तोललं. घाई केली नाही.

"मी लिहू का तुमचं?" भिंगरीने विचारलं.

"आज नको," आई म्हणाली, आणि खाली बसून बोलायला लागली. बरंच बोलली. मुलीच्या आधी तिच्या मावशीला हा त्रास होता आणि घरात ते कुणी बोलत नसे, तिथून सुरुवात झाली. भिंगरी ऐकत होती. पेन तिने बाजूला ठेवलं होतं, आणि हात कुठे ठेवायचे ते तिला सुचत नव्हतं. शेवटी तिने ते मांडीखाली दाबून धरले, आणि शेजारी बसलेल्या धाकट्याने आपल्या खुर्चीत जरासं सरकून तिच्या कोपरांना जागा करून दिली.